त्यांचे कुरण, आमचे गायरान

धाराशिवच्या पोरांना ‘नोकरी मागू नका, उद्योजक बना’ सांगायला येणारे वक्ते हमखास सायरस पूनावालांचे उदाहरण देतात. जिद्द असली की सिरम इन्स्टिट्यूट उभी राहते म्हणे!

जिद्द असेलच. पण त्या जिद्दीच्या पायाखाली काय होते, तेही सांगा. पूनावालांचा जन्म 1941 चा. 1946 मध्ये त्यांच्या घराण्याने पुण्यात शर्यतीच्या घोड्यांचा स्टड फार्म काढला. शर्यतीतून बाद झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जात आणि त्यांच्या रक्तापासून सिरम तयार होई. घोडे आपले, मग सिरमही आपणच का करू नये? या विचारातून 1966 मध्ये कंपनी निघाली. सुरुवातीचे भांडवल घोडे विकूनच आले. म्हणजे जनावरे घरची, पैसा घरचा आणि वाट दाखवली ती 1899 पासून चालत आलेल्या सरकारी प्रयोगशाळेने.

यात गुन्हा काहीच नाही. पण याला ‘शून्यातून विश्व’ म्हणणे ही लबाडी आहे.

खरे शून्य आमच्याकडे आहे. भूमिहीनांसाठी दादासाहेब गायकवाडांनी 1959 मध्ये सत्याग्रह केला. 14 एप्रिल 1990 पर्यंतची दलित भूमिहीनांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय 1991 मध्ये निघाला. तरीही मराठवाड्यात गायरान कसणारी कितीतरी कुटुंबे आजही सातबाऱ्याविना आहेत. उलट 2022 मध्ये अतिक्रमण हटवण्याच्या नोटिसा निघाल्या. त्यांचे कुरण भांडवल ठरले, आमचे गायरान अतिक्रमण!

सातबारा नाही म्हणून तारण नाही, तारण नाही म्हणून बँक दारात उभी करत नाही. 2016 च्या ‘स्टँड अप इंडिया’त 10 लाख ते 1 कोटीचे कर्ज जाहीर झाले, पण स्वतःचा हिस्सा किमान 10 टक्के. एक कोटीच्या प्रकल्पाला दहा लाख! ऊसतोड मजुराच्या पोराने ते कुठून आणायचे? त्याच्याकडे विकायला घोडे नाहीत.

बाबासाहेबांनी 1947 मध्येच शेती आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे करा, असे मांडले होते. साधनांशिवाय समता पोकळ राहते, हे त्यांना ठाऊक होते.

म्हणून मित्रांनो, पुढच्या शिबिरात टाळ्या वाजवण्याआधी वक्त्याला तीन प्रश्न विचारा. गायरान आमच्या नावावर कधी? आमच्या पोरांना सुसज्ज प्रयोगशाळा कधी? विनातारण, विनाहिस्सा भांडवल कधी?

प्रेरणा पुरे झाली. आता वाटा द्या.

जय भीम!