उंची आहे, शिडी कुठे आहे?

जून २०१५ मध्ये एनबीएच्या वार्षिक निवड प्रक्रियेत डॅलस मॅव्हरिक्स संघाने ५२व्या क्रमांकावर सतनामसिंग भमरा याचे नाव पुकारले आणि देशभर कौतुकाची लाट उसळली. पंजाबच्या बर्नाला जिल्ह्यातील एका लहान गावातला हा मुलगा लुधियानाच्या अकादमीत घडला, फ्लोरिडात शिकला आणि हा मान मिळवणारा भारतात जन्मलेला पहिला खेळाडू ठरला. पुढची हकिगत मात्र फारशी सांगितली जात नाही. एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. दुय्यम लीगमध्ये काही काळ घालवून तो परतला, २०२० च्या अखेरीस उत्तेजक चाचणीच्या प्रकरणात त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली आणि नंतर तो अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीकडे वळला. या साऱ्यातून आपण एकच धडा घेतला: दुसरा सतनाम शोधायचा. मला हा धडाच चुकीचा वाटतो.

साधा हिशेब करू. एनबीएत ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघात नियमित कराराच्या कमाल १५ जागा. म्हणजे साऱ्या जगासाठी जागा अवघ्या ४५०. अमेरिकेतील महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या उत्तम खेळाडूंपैकीही बहुतेकांना तेथे प्रवेश मिळत नाही. ते स्पेन, तुर्कस्तान, जपान, तैवान, ऑस्ट्रेलिया अशा देशांत करार मिळवतात आणि त्यावर संसार चालवतात. भारतीय वंशाचा कॅनेडियन सिम भुल्लर न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठाकडून खेळला, २०१५ मध्ये सॅक्रामेंटो किंग्जकडून मोजके सामने खेळला. त्याची खरी कारकीर्द घडली ती तैवानमध्ये. व्यावसायिक बास्केटबॉलचा राजमार्ग हाच आहे, आणि आपले धोरण याच मार्गाकडे पाठ फिरवून उभे आहे.

या मार्गावर भारतीय पावले उमटलीच नाहीत, असे नव्हे. केरळची गीतू ॲना जोस ऑस्ट्रेलियात रिंगवूड क्लबकडून खेळली आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या महिला लीगच्या चाचण्यांना गेली. अमृतपालसिंग २०१७ मध्ये सिडनी किंग्जमध्ये दाखल झाला. अमज्योतसिंग टोकियोत खेळला आणि पुढे ओक्लाहोमा सिटी ब्लू संघात पोहोचला. प्रिन्सपालसिंग २०२० मध्ये एनबीएच्या विकास लीगमधील इग्नाइट संघात गेला. ही नावे सन्मानाने घ्यावीत अशीच आहेत. पण प्रत्येकाने आपली वाट स्वतः किंवा एखाद्या खासगी योजनेच्या आधाराने काढली आणि मागून येणाऱ्याला ती पुन्हा नव्याने शोधावी लागली.

माझ्या मते गाठी तीन ठिकाणी आहेत. पहिली विद्यापीठात. आपल्याकडील आंतरविद्यापीठ स्पर्धा विभागीय आणि अखिल भारतीय अशा दोन टप्प्यांत काही दिवसांत उरकतात. अमेरिकी महाविद्यालयीन संघ एका हंगामात तीसच्या आसपास सामने खेळतो. फिलिपिन्समधील विद्यापीठांच्या लीगमध्ये आठ संघ परस्परांशी दोनदा भिडतात, म्हणजे बाद फेरीआधीच प्रत्येकाचे १४ सामने होतात. परदेशी प्रशिक्षक खेळाडूची पारख अशा सामन्यांच्या चित्रफिती आणि आकडेवारीवरून करतो. आपल्या विद्यार्थ्याकडे दाखवायला उरते ते प्रमाणपत्र, आणि ते प्रमाणपत्र परदेशी करारासाठी नव्हे, तर क्रीडा कोट्यातील नोकरीसाठी उपयोगी पडते.

दुसरी गाठ याच नोकरीत आहे. रेल्वे, सेनादले, बँका आणि सार्वजनिक उपक्रम यांनीच भारतीय बास्केटबॉल जगवले, हे मान्य केले पाहिजे. शेतकरी किंवा कामगार कुटुंबातील मुलीला बाविसाव्या वर्षी कायमची नोकरी मिळणे ही हिणवण्याची गोष्ट नाही. परंतु देशाचे प्रतिनिधित्व करण्यासाठी विशेष रजा देणाऱ्या नियमांत परदेशी क्लबच्या आठ महिन्यांच्या कराराला जागा नाही. त्यामुळे खेळाडूपुढे निवड उरते ती एका हंगामाची मिळकत की आयुष्यभराची शाश्वती. अशा वेळी घरची वडीलधारी माणसे काय सल्ला देतील, हे सांगायला नको.

तिसरी गाठ कागदपत्रांची. परदेशात खेळण्यासाठी आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनुसार मायदेशातील महासंघाचे मुक्ततापत्र लागते. वेतन थकले तर दाद मागण्यासाठी जिनिव्हा येथे बास्केटबॉलचे स्वतंत्र लवाद न्यायाधिकरण आहे. मात्र त्याचा आधार मिळण्यासाठी करारात तसे कलम असावे लागते. एकवीस वर्षांच्या मुलाला हे कोण सांगणार?

फिलिपिन्सचे उदाहरण येथे बोलके आहे. २०२० मध्ये जपानच्या बी लीगने परदेशी खेळाडूंच्या मर्यादेबाहेर आशियाई खेळाडूंसाठी वेगळी जागा निर्माण केली. सुरुवातीच्या यादीत चीन, तैवान, दक्षिण कोरिया, फिलिपिन्स आणि इंडोनेशिया होते, भारत नव्हता. त्या जागेवर करारबद्ध झालेला पहिला खेळाडू थर्डी रावेना मनिलाच्या अतेनेओ विद्यापीठातून थेट जपानला गेला. अशी यादी केवळ गुणवत्तेवर ठरत नाही. तीत बाजारपेठेचा विचार असतो. १४० कोटींच्या देशाकडे या वाटाघाटीत बोलण्यासारखे पुष्कळ आहे. बोलणारा मात्र हवा.

सरकारने काही व्यक्तींच्या परदेशी मिळकतीची काळजी का वाहावी, असा प्रश्न विचारला जाईल. तो रास्त आहे. भारतीय पुरुष संघ ऑलिंपिकमध्ये एकदाच खेळला, १९८० मध्ये मॉस्कोला, तोही अनेक देशांच्या बहिष्कारामुळे. वर्षभर कठीण स्पर्धेत खेळणारे दहा-बारा खेळाडू असल्याशिवाय हे चित्र बदलणार नाही, आणि तशी स्पर्धा आज देशात नाही. शिवाय मी मागतो आहे तो निधी नव्हे, नियमांतील बदल आहे.

जुलै २०२५ मध्ये नवे राष्ट्रीय क्रीडा धोरण मंजूर झाले, त्यापाठोपाठ क्रीडा प्रशासनाचा कायदाही आला. या चौकटीत चार गोष्टी सहज बसतील. विद्यापीठांनी दुहेरी साखळी पद्धतीची लीग सुरू करून प्रत्येक सामन्याची चित्रफीत व आकडेवारी जतन करावी. क्रीडा कोट्यातील कर्मचाऱ्याला परदेशी करारासाठी तीन वर्षांपर्यंत बिनपगारी रजा द्यावी आणि मूळ पदावरील त्याचा धारणाधिकार कायम राखावा. मुक्ततापत्र ठरावीक दिवसांत द्यावे, नाकारल्यास लेखी कारण द्यावे. आणि महासंघाने करार, कर व लवाद यांविषयी मोफत सल्ला देणारा कक्ष उघडावा.

यातील धारणाधिकाराची तरतूद सर्वांत आधी व्हावी, असा माझा आग्रह आहे. नोकरी परत मिळण्याची हमी असेल, तरच साध्या घरातला खेळाडू परदेशी कराराचा कागद हातात घेऊन वाचू शकेल. आज तो न वाचताच बाजूला ठेवावा लागतो.