मालक कोण, हे आधी ठरवा

जुलै २०२५ मध्ये ॲपवर चालणाऱ्या टॅक्सींच्या चालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि मुंबईच्या आझाद मैदानात ठाण मांडले. काळ्या-पिवळ्या टॅक्सीइतका दर मिळावा, कामगारांच्या संरक्षणासाठी कायदा व्हावा, या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. त्याआधी अवघ्या दोन महिन्यांपूर्वी राज्य शासनाने या व्यवसायासाठी धोरण जाहीर केले होते. गर्दीच्या वेळी मूळ दराच्या दीडपटीहून अधिक आकारणी नको, चालकाला भाड्याचे किमान ८० टक्के मिळावेत, अशी कलमे त्यात आहेत. मग शाई वाळते न वाळते तोच चालक रस्त्यावर का आले?

कारण धोरणाने भाड्याची वाटणी ठरविली, सत्तेला हात लावला नाही. गिऱ्हाईक कोणाला द्यायचे, कोणाचा आयडी कधी बंद करायचा, हे सारे कंपनी ठरविते. गाडीच्या कर्जाचा हप्ता, इंधन, दुरुस्ती आणि रिकाम्या फेऱ्या मात्र चालकाच्या माथी. तरीही कागदोपत्री तो ‘भागीदार’! नफ्यात हिस्सा नाही, हिशेब पाहण्याचा अधिकार नाही, आणि एका तक्रारीसरशी रोजी बंद. अशी भागीदारी कोणत्या पेढीने पाहिली आहे?

टक्केवारीच्या कलमालाही पळवाट सापडली आहे. काही कंपन्यांनी २०२५ पासून टक्केवारीऐवजी ठराविक फी घेण्यास आरंभ केला. भाडी मिळोत वा न मिळोत, फी भरलीच पाहिजे. वर ‘आम्ही केवळ सॉफ्टवेअर पुरवितो’ असे सांगून हात झटकायला कंपनी मोकळी!

केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कल्याण निधीत भरावी, असे ती सांगते. हे स्वागतार्हच आहे. परंतु तीच संहिता या कामगाराला पारंपरिक मालक-नोकर संबंधाच्या बाहेर ठेवते. मालकाचे नाव न घेता मालकाकडून वर्गणी गोळा करण्याचा हा प्रकार आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या खटल्यात कराराची भाषा बाजूला सारली, प्रत्यक्ष नियंत्रण कोणाचे हे पाहिले आणि चालकांना कामगार ठरविले.

महाराष्ट्राला मात्र त्यासाठी लंडनकडे पाहण्याचेही कारण नाही. ‘हा आज या पेढीवर, उद्या त्या पेढीवर, याचा मालक कोण?’ हाच प्रश्न एके काळी हमालांबाबत विचारला जात होता. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात बाबा आढाव यांनी हमालांना संघटित केले आणि १९६९ च्या माथाडी कायद्याने त्या प्रश्नाचे उत्तर दिले. कामगार, व्यापारी आणि शासन यांचे मंडळ, दोघांचीही नोंदणी, मजुरी मंडळाकडे जमा, तिच्यावर लेव्ही आणि तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, औषधोपचार. माथाडी कोणा एका व्यापाऱ्याचा नोकर झाला नाही, तरीही त्याला हक्क मिळाले. ‘चालकाला स्वातंत्र्य हवे असते’ या कंपन्यांच्या युक्तिवादाला याहून चोख उत्तर कोणते?

शिवाय ओझ्यांचा हिशेब वहीत ठेवावा लागे. येथे प्रत्येक फेरीची नोंद यंत्रात आपोआप होते. म्हणजे मंडळ चालविणे १९६९ पेक्षा आज कितीतरी सोपे आहे. अडचण तंत्राची नाही, इच्छेची आहे. कर्नाटकाने २०२५ च्या कायद्यात कामावरून दूर करण्यापूर्वी लेखी कारण आणि १४ दिवसांची सूचना बंधनकारक केली. माथाडी कायद्याच्या जन्मभूमीने त्याहून मागे राहावे, हे लांच्छनास्पद आहे.

म्हणून मागणी स्पष्ट हवी : ॲप-चालकांसाठी माथाडी धर्तीचे त्रिपक्षीय मंडळ, प्रत्येक फेरीवर कंपनीकडून लेव्ही, आणि सुनावणीविना आयडी बंद करण्यास मनाई. काळी-पिवळीचा चालक आणि ॲपचा चालक यांना एकमेकांविरुद्ध उभे करणे कंपन्यांच्या सोयीचे आहे. कार्यकर्त्यांनी दोघांना एका सभेत बसवावे. तेथूनच या लढ्याचा आरंभ होईल.