‘अगदी खऱ्यासारखी’ म्हणजे कोणासारखी?

घरी बनवलेली लाइटसेबर पाहिली की लोक दोनपैकी एक वाक्य हमखास बोलतात. पहिलं : ‘छान आहे, पण खऱ्यासारखी नाही वाटत.’ दुसरं : ‘पण ह्याचा उपयोग काय?’ पहिलं वाक्य चाहत्यांचं, दुसरं पालकांचं. मला दोन्ही मान्य नाहीत. एक वाक्य दुकानातल्या वस्तूकडे बोट दाखवतं, दुसरं गुणपत्रिकेकडे. मुलाच्या हातात काय आहे हे दोघंही बघत नाहीत.

आधी ‘खरी’ कोणती ते पाहू. ‘स्टार वॉर्स’ आला १९७७ साली. त्यात ल्यूक स्कायवॉकरच्या हातात जी तलवारीची मूठ आहे, ती म्हणजे ग्राफ्लेक्स कंपनीच्या जुन्या कॅमेरा-फ्लॅशची, तीन सेल मावतील अशी धातूची नळी. सेट सजवण्याचं काम करणाऱ्या रॉजर ख्रिश्चनला ती लंडनमधल्या फोटोग्राफीच्या एका दुकानात सापडली. पकड यावी म्हणून त्याने तिच्यावर प्लास्टिकच्या पट्ट्या चिकटवल्या आणि एका खाचेत कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची बारीक भिंगांची पट्टी बसवली. ओबी-वॉनच्या तलवारीच्या बुडाशी तर चक्क नळाची फिरकी आहे. पातं म्हणजे लाकडी काठी. रस्त्यावरच्या पाट्या हेडलाइट पडला की चमकतात, तसल्या परावर्तक पदार्थाचं आवरण तिला दिलेलं होतं आणि मोटरने ती गरगर फिरवली जायची. एवढं करूनही पडद्यावर दिसणारी झळाळी नंतर चित्रफितीवर चढवावी लागली. तो सुप्रसिद्ध गुंजारव बेन बर्टने प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर आणि टीव्हीची गुणगुण एकत्र करून मिळवला.

हा अपवाद नव्हे, रीतच आहे. १९६३च्या ‘डॉक्टर हू’मधल्या डॅलेकचा हात म्हणजे सिंक तुंबल्यावर वापरायचा रबरी पंप. १९८५च्या ‘बॅक टू द फ्यूचर’मध्ये कचऱ्यावर चालणारी अणुभट्टी ही कॉफी दळायचं यंत्र होती. १९९९मध्ये, पैशाला तोटा नसताना, क्वाय-गॉन जिन ज्या यंत्रावर बोलतो ते बायकांच्या दाढीच्या... क्षमस्व, केस काढायच्या रेझरवरून पाडलेल्या साच्यातलं होतं.

तर मग आज काही हजारांना मिळणारी, मोबाइलवरून रंग बदलणारी, डब्यात मखमलीवर निजलेली तलवार कशाची प्रतिकृती आहे? ती नळाच्या फिरकीची प्रतिकृती आहे. कारखान्याने अचूक मापं घेऊन एका चतुर माणसाच्या घाईतल्या जोडकामाची नक्कल केली आहे. ज्यांना ती हवी त्यांनी जरूर घ्यावी. संग्रह करण्यात काही पाप नाही. पण तिच्या शेजारी शांपूची बाटली, सायकलच्या हँडलची मूठ आणि बटर पेपर घेऊन बनवलेली तलवार ठेवून ‘ही खऱ्यासारखी नाही’ म्हणू नये. १९७७ सालच्या त्या कामाशी नातं असेल तर ते या दुसरीचं आहे. ही वस्तू आधी काय होती आणि आता काय दिसू शकते, हे कोणीतरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

आता पालकांचा प्रश्न. आपल्याकडे घरातल्या सामानातून काही बनवायला परवानगी मिळते ती ‘टाकाऊतून टिकाऊ’ या एकाच शिक्क्याखाली. डब्याचा पेनस्टँड झाला पाहिजे, बाटलीची कुंडी झाली पाहिजे. नाहीतर शाळेचा प्रकल्प झाला पाहिजे, आणि तोही आता स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतो. अरविंद गुप्तांनी पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात बसून काड्यापेट्या आणि स्ट्रॉ यांची शेकडो खेळणी बनवली, जगाला फुकट वाटली. त्यांचं खेळणं आधी खेळणं असतं. आपण त्यातलं खेळणं काढून घेतो आणि उरलेल्याला दहापैकी गुण देतो.

चमकणाऱ्या खोट्या तलवारीचा उपयोग काहीही नाही. तिने पाव कापला जात नाही. पण ती बनवताना मुलाला एक प्रश्न पडतो, जो पेनस्टँड बनवताना पडत नाही : चमकणं म्हणजे काय? नळीच्या तोंडाशी एलईडी बसवला की टॉर्च होते, तलवार होत नाही. प्रकाश पुढे निघून जातो आणि नळी काळीच राहते. मग आत बटर पेपरची गुंडाळी सरकवायची, किंवा पारदर्शक प्लास्टिक पॉलिश पेपरने घासून धुरकट करायचं. प्रकाशाला वाटेत अडून विखुरायला जागा मिळाली की नळी उजळते. लाल एलईडीला साधारण दोन व्होल्ट लागतात आणि बॅटरी नऊची असते. उरलेले सात व्होल्ट रेझिस्टरवर टाकायचे आणि प्रवाह वीस मिलीअँपिअर ठेवायचा, तर उत्तर येतं ३५० ओहम. दुकानात सहसा ३५०चा नसतो. ३३० किंवा ३९०चा असतो. कोणता घ्यायचा? पुस्तकातल्या ओहमच्या नियमाला असा प्रश्न कधी पडत नाही, कारण तिथे उत्तर नेहमी नेमकं येतं आणि काहीही पेटवायचं नसतं. (घरात लहान भावंडं असतील तर बटणासारखे चपटे सेल मात्र वापरू नका, गिळले तर अन्ननलिका जळते.)

हे शिकणं होतं, पण ते भाड्यासारखं वसूल करू नये. ‘काय शिकलास?’ विचारलं की तलवार विझते आणि प्रकल्प सुरू होतो.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. जुगाडाचं कौतुक भरल्या पोटीच सुचतं. ज्या मुलाला विकतचं परवडत नाही त्याला ‘घरचीच खरी’ सांगणं ही क्रूर समजूत आहे. आक्षेपात तथ्य आहे. नाइलाजाला कला म्हणणाऱ्यांचा मलाही राग येतो. पण मी तडजोड करायला सांगत नाही. विकतची आणि घरची यांत विकतची श्रेष्ठ, ही उतरंडच मला नाकारायची आहे, आणि ती सर्वांत जास्त छळते ती न परवडणाऱ्या मुलालाच. पैसेवाल्या घरातल्या मुलाचंही नुकसान आहेच. खऱ्या वस्तू दुसरीकडे कुठेतरी, दुसरं कोणीतरी बनवतं आणि आपल्या वाट्याला फक्त निवड येते, हे ते फार लवकर शिकतं.

खरं तर आपल्याला हे नवीन नाही. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, खळ आणि आत एक दिवा, असा आकाशकंदील घराघरांत बनत होता. ‘खऱ्यासारखा’ कोणासारखा, हे त्याला कोणी विचारत नव्हतं, कारण टांगलेला तोच खरा होता. किल्ल्यावरच्या मातीच्या मावळ्यांनाही कोणी उपयोग विचारला नाही. मग आकाशगंगेतल्या तलवारीलाच हा जाच का?

तेव्हा एखादं पोर शांपूच्या बाटलीची झगमगती तलवार घेऊन पुढे आलं, तर किंमत, उपयोग, साम्य हे सगळं बाजूला ठेवा. खोलीतला दिवा मालवा, पडदे ओढा. आणि विचारायचंच असेल तर एवढंच विचारा : हे आधी काय होतं रे?