रंगभूषेचा ठसा : छायाचित्रमीमांसेतील एका शुचितावादाविषयी

छायाचित्राविषयीच्या सैद्धांतिक चर्चेत गेली काही दशके एक सूत्र जवळजवळ श्रद्धेने उच्चारले जाते. छायाचित्र वस्तूशी केवळ सादृश्य राखत नाही, ते वस्तूचा ठसा असते. वस्तूवरून परावर्तित झालेला प्रकाश संवेदनशील पृष्ठभागावर प्रत्यक्ष पडलेला असतो, म्हणून चार्ल्स पर्सच्या वर्गीकरणात ते निर्देशचिन्ह ठरते, असे हे सूत्र. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती त्याच्या पाठोपाठ गुपचूप आत येणाऱ्या दुसऱ्या सूत्राबद्दल. ठसा खरा, म्हणून ठशाच्या आड येणारे सारे खोटे, असे ते दुसरे सूत्र म्हणते. रंगभूषा, काजळ, पावडर, काचपट्टीवर फिरलेली पेन्सिल, छापील प्रतीवर चढवलेला रंग हे सर्व माणूस आणि त्याचा ठसा यांच्यामधले अडथळे ठरतात आणि ते दूर सारून खालचा 'खरा' चेहरा गाठणे हे समीक्षकाचे कर्तव्य मानले जाते. प्रस्तुत लेखाचा वाद या दुसऱ्या सूत्राशी आहे. रंगभूषा हीच मानवी उपस्थितीची एक खूण आहे, आणि ती पुसून माणूस शोधू पाहणारी मीमांसा शेवटी माणसालाच पुसते, असे येथे म्हणावयाचे आहे.

या शुचितावादाची मुळे ज्या आधारग्रंथांत शोधली जातात, त्यांकडेच प्रथम वळू. आंद्रे बाझँ याने १९४५ साली छायाचित्राच्या सत्ताशास्त्राविषयी लिहिलेला निबंध ठसावाद्यांना विशेष प्रिय आहे. छायाचित्रात मानवी हाताचा हस्तक्षेप नसतो, या त्याच्या प्रतिपादनाचा उल्लेख वारंवार होतो. परंतु हा निबंध सुरू होतो तो इजिप्तमधील ममीपासून. काळाच्या तडाख्यातून देह वाचवण्याची आदिम प्रेरणा प्रतिमाकलांच्या मुळाशी आहे, असे बाझँ मानतो. येथे एक साधा प्रश्न उपस्थित होतो. ममी म्हणजे काय? ती नैसर्गिक अवस्थेत सापडलेले प्रेत खचितच नव्हे. धुतलेला, सुकवलेला, तेल-राळेने माखलेला, वस्त्रांत गुंडाळलेला असा तो देह असतो. त्याच्या प्रत्येक अंगुळावर कोणाचा तरी हात फिरलेला असतो. टिकवणे आणि सजवणे या तेथे दोन क्रिया नाहीत. ज्या दृष्टान्ताच्या आधारे हात वर्ज्य ठरवला जातो, तो दृष्टान्तच हातांनी घडवलेला आहे. बाझँला याची जाणीव किती होती हा वेगळा प्रश्न. त्याचा हवाला देणाऱ्यांना ती असावयास हवी होती.

रोलाँ बार्थच्या 'कॅमेरा ल्युसिडा'ची (मूळ फ्रेंच, १९८०) गोष्ट अधिक उद्बोधक आहे. 'ते तेथे होते' ही छायाचित्राची सारभूत ग्वाही असल्याचे त्याचे म्हणणे पदव्युत्तर वर्गात शिरणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. त्याच पुस्तकाचा एक पूर्वभाग मात्र बहुधा न वाचता ओलांडला जातो. तेथे बार्थ छायाचित्राचे नाते चित्रकलेशी न जोडता रंगभूमीशी जोडतो. आद्य नट मृतांची भूमिका घेत असत आणि चेहरा रंगवणे म्हणजे स्वतःला एकाच वेळी जिवंत आणि मृत म्हणून घोषित करणे होय, असे तो म्हणतो. उदाहरणे देताना चिनी रंगभूमीचा रंगवलेला चेहरा, जपानी नो नाट्यातील मुखवटा आणि आपल्या कथकलीतील तांदळाच्या पिठाची रंगभूषा यांची तो नावे घेतो. रंगवलेल्या, निश्चल चेहऱ्याखाली मृत दिसणे हे त्याला छायाचित्राचे मूळ वाटते. पुढे त्याच पुस्तकात रंगीत छायाचित्राचा विषय निघतो तेव्हा तोच बार्थ रंगाला प्रेतावर लावलेल्या प्रसाधनाची उपमा देऊन झिडकारतो. कृष्णधवल छायाचित्रातील मूळ सत्यावर नंतर चढवलेला थर म्हणून त्याला रंगाचा तिटकारा येतो. म्हणजे एका ठिकाणी प्रसाधन हा छायाचित्राचा उगम आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ते छायाचित्राचे भ्रष्टीकरण आहे. हा अंतर्विरोध हेच त्या ग्रंथाचे सर्वांत फलदायी स्थळ आहे. ठसावाद्यांनी त्यातील दुसरा अर्धा भाग उचलला आणि पहिला टाकून दिला. जो भाग टाकला त्यातच कथकलीचा उल्लेख होता, याची खंत निदान आपल्याला वाटावयास हवी.

कथकलीतील चुट्टीकडे नुसते पाहिले तरी हा मुद्दा स्पष्ट होतो. नट जमिनीवर उताणा पडलेला असतो; चुट्टीकार त्याच्या हनुवटीपासून गालांच्या कडेने पांढरी किनार थरांथरांनी उभी करतो; हे काम तासन्‌तास चालते. एका माणसाच्या बोटांनी दुसऱ्या माणसाच्या चेहऱ्याला दिलेला इतका प्रदीर्घ स्पर्श दुसऱ्या कुठल्या ठशात सापडेल? अशा नटाच्या छायाचित्रात प्रकाशाने जे टिपले आहे ते त्या स्पर्शाचे फलित आहे. तेथे किमान दोन माणसे उपस्थित आहेत. रंग बाजूला सारून चेहरा शोधणारा समीक्षक त्यांपैकी एकाला आरंभीच हद्दपार करतो.

आधुनिक युरोपीय विचारात या प्रश्नाची उलटी मांडणीही झालेली होती, हे येथे नमूद केले पाहिजे. बोदलेअरने १८५९ च्या चित्रप्रदर्शनावर लिहिताना छायाचित्रणावर कठोर टीका केली आणि विज्ञान-कलांची नम्र दासी एवढेच स्थान त्याला देऊ केले. त्याच बोदलेअरने १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या आधुनिक जीवनाच्या चित्रकारावरील निबंधात प्रसाधनाच्या स्तुतीसाठी एक स्वतंत्र प्रकरण खर्ची घातले. प्रसाधनाने निसर्गाची नक्कल करू नये, स्वतःला लपवू नये, उघडपणे आपण प्रसाधन आहोत असे दाखवावे, हा त्याचा आग्रह. छायाचित्राचा तिरस्कार आणि प्रसाधनाची भलावण या दोहोंच्या मागे एकच तत्त्व आहे: मानवी कृतीची खूण जेथे नाही तेथे सौंदर्य नाही. आजचा ठसावादी बोदलेअरची ही तुला नेमकी उलटी धरतो आणि तराजू बदलला म्हणून समाधान मानतो. दोघांनाही जे दिसले नाही ते असे, की ही दोन पारडी नव्हेत. छायाचित्र आणि रंगभूषा या आरंभापासून एकमेकींत गुंतलेल्या क्रिया आहेत.

हे गुंतणे रूपकात्मक नाही, रासायनिक आहे. आरंभीच्या काचपट्ट्यांना निळा-जांभळा प्रकाशच मुख्यत्वे कळत असे. पिवळा आणि तांबडा त्यांच्या लेखी जवळपास काळोख होता. हर्मन फोगेलने १८७३ साली रंजकद्रव्यांच्या साह्याने ही संवेदना हिरव्या-पिवळ्यापर्यंत वाढवता येते हे दाखवले. तरी तांबड्याबाबतचे आंधळेपण पुष्कळ काळ टिकले आणि सर्व रंग ओळखणारी फिल्म चित्रपटसृष्टीत रूढ होण्यास १९२० च्या दशकाचा शेवट उजाडला. तोपर्यंत कॅमेऱ्यासमोर उभ्या राहणाऱ्या नटाचे लाल ओठ काळे उमटत आणि तांबूस त्वचा मळकट दिसे. या आंधळेपणावर उतारा म्हणून चेहरे रंगवणे भाग पडे. आपल्याकडील जुन्या कौटुंबिक छायाचित्रांत कपाळावरचे कुंकू काळे दिसते, हे आपण इतक्यांदा पाहिले आहे की त्याचा अर्थ विचारण्याचे आपल्याला सुचत नाही. तेथे ठसा अस्सल आहे. प्रकाशाने कोणतीही लबाडी केलेली नाही. तरीही ज्या रंगात त्या स्त्रीची सारी सामाजिक ओळख सामावलेली होती, तोच रंग त्या अस्सल ठशाने हरवला. पुढे एखाद्या कारागिराने त्या प्रतीवर कुंचल्याने लाल ठिपका दिला असेल, तर सत्याच्या अधिक जवळ कोण गेले? प्रकाश, की कुंचला?

या प्रश्नाला ठसावादाजवळ उत्तर नाही. काचपट्टी दुरुस्त करण्याचे तंत्रही काही उत्तरकालीन भ्रष्टता नव्हे. १८५५ च्या पॅरिसमधील जागतिक प्रदर्शनात एकाच व्यक्तीची दुरुस्त केलेली आणि न केलेली अशी दोन छायाचित्रे शेजारी शेजारी मांडण्यात आली होती आणि लोक त्यांकडे आश्चर्याने पाहत होते. छायाचित्रण तेव्हा जेमतेम दीड दशकाचे होते. निर्भेळ ठशाचे असे एखादे सुवर्णयुग होऊन गेले आणि मग हाताने त्यात भेसळ केली, हा इतिहास नाही. ती पुराणकथा आहे.

आता आपल्या अंगणातील उदाहरण. बालगंधर्वांची (१८८८–१९६७) भामिनी, रुक्मिणी, सिंधू यांच्या वेषातील छायाचित्रे मराठी नाट्येतिहासाच्या पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या छापली जात आहेत. 'मानापमान' १९११ चे, 'स्वयंवर' १९१६ चे, 'एकच प्याला' १९१९ चे. म्हणजे ही सारी तांबड्याला आंधळ्या असलेल्या काचपट्ट्यांच्या काळातील नाटके. या छायाचित्रांविषयी आपल्या समीक्षेत दोनच प्रतिक्रिया संभवतात असे दिसते. एक, भक्तिभावाची: केवढे हे हुबेहूब स्त्रीत्व! दुसरी, संशयाची: या प्रसाधनाखाली दडलेला पुरुष कोठे दिसतो? पहिली रंगभूषेला पारदर्शक मानते, दुसरी तिला अपारदर्शक मानते; रंगभूषेकडे पाहत कोणीच नाही.

पाहिले तर काय दिसेल? त्या काळच्या काचपट्ट्यांचा मंदपणा लक्षात घेता प्रयोग चालू असताना रंगमंचावर छायाचित्र घेणे दुरापास्त होते; वेषातील छायाचित्रांसाठी नटाला मुद्दाम स्थिर उभे राहावे लागे. म्हणजे जी रंगभूषा दूरच्या प्रेक्षकासाठी, रंगमंचावरील प्रकाशासाठी योजलेली होती, तिच्याकडे भिंग अगदी जवळून, दुसऱ्याच प्रकाशात पाहत होते. या छायाचित्रांत आपल्याला जे दिसते ते नाट्यगृहातील कोणत्याही रसिकाने पाहिलेले नव्हते. ते दृश्य रंगपटाच्या आरशाला माहीत होते, आणि रंग लावणाऱ्या हाताला. चेहऱ्याची कड कोठे संपते आणि केसांचा टोप कोठे सुरू होतो, भुवईची रेघ मूळ भुवईपासून किती सरकली आहे, गळ्याचा वर्ण चेहऱ्याच्या वर्णाशी कितपत जुळतो, अशा तपशिलांतून एका व्यवसायाचे ज्ञान, त्याची कौशल्ये आणि त्याच्या तडजोडी वाचता येतात. स्त्रीत्व हे कसे 'लावले' जात होते, कोणत्या वर्गाचे, कोणत्या वर्णाचे स्त्रीत्व आदर्श म्हणून लावले जात होते, आणि ज्या काळात प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांना रंगभूमी निषिद्ध होती त्या काळात त्याच स्त्रिया ते पाहून आपली वेशभूषा कशी ठरवीत होत्या, या प्रश्नांचा पुरावा त्या थरात आहे. थराखाली नाही.

येथे एक गंभीर आक्षेप घेतला जाईल आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. रंगभूषेचा असा गौरव केला तर तिच्यातील सक्तीचे काय? आपल्या छायाचित्रशाळांतून सावळे चेहरे उजळ करून देण्याची प्रथा होती. उपवर मुलींच्या छायाचित्रांवर फिरलेल्या पेन्सिली आणि कुंचले जातिवर्णाच्या उतरंडीचीच सेवा करीत होते. तेथे पुसलेला माणूस परत मिळवायचा तर थर खरवडावाच लागेल, असे म्हटले जाईल. आक्षेपातील वेदना खरी आहे; निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. उजळ केलेल्या चेहऱ्यावरील पेन्सिलीच्या रेघा हाच त्या सक्तीचा एकमेव भौतिक पुरावा असतो. त्या 'खोट्या' म्हणून वगळल्या की गुन्ह्याबरोबर साक्षही नाहीशी होते. शिवाय थर खरवडून जो 'मूळ' ठसा हाती लागेल तोही निष्पाप असेल याची हमी नाही. कोडॅकच्या रंगीत छपाईचे प्रमाण ठरवणारी पत्रके दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीच्या चेहऱ्यावर बेतलेली होती. काळ्या-सावळ्या त्वचेचे तपशील त्यामुळे काळोखात जात. तेथे कोणाही कारागिराने कुंचला उचललेला नव्हता. पक्षपात रसायनात आणि यंत्रमापनात मुरलेला होता, आणि म्हणूनच तो नैसर्गिक वाटत होता. हाताचा पक्षपात निदान दिसतो तरी.

पुष्पमाला एन. यांनी क्लेअर आर्नी यांच्यासह २००० ते २००४ या काळात केलेल्या दक्षिण भारतातील स्थानिक स्त्रियांविषयीच्या छायाचित्रमालेत हेच तत्त्व कृतीत उतरले आहे. राजा रविवर्म्याच्या लक्ष्मीपासून वसाहतकालीन मानववंशशास्त्रीय नोंदीतील स्त्रीपर्यंत अनेक रूपे त्या स्वतःच्या देहावर चढवतात. आणि चढवणे दिसेल अशा बेताने चढवतात. तेथे 'खऱ्या' पुष्पमालेचा शोध घेणारा प्रेक्षक रिकाम्या हाताने परततो. पूर्वीच्या प्रत्येक प्रतिमेत कोणी कोणाला कसे नटवले होते, हे मात्र त्याला दिसू लागते.

प्रश्न केवळ पांडित्याचा नाही. आज जुनी कृष्णधवल छायाचित्रे संगणकाकरवी रंगवून घेण्याची आणि त्यांवरील डाग, ओरखडे, हाताने दिलेले रंग पुसून ती 'स्वच्छ' करण्याची चढाओढ लागली आहे. ठसावादी या यांत्रिक रंगाला विरोध करतील, परंतु त्या विरोधासाठी त्यांच्याजवळ युक्तिवाद उरलेला नाही. कारण कारागिराचा कुंचला आणि यंत्राचे अनुमान या दोहोंना त्यांनी एकाच 'खोट्या'च्या खात्यात जमा केलेले आहे. वस्तुतः भेद येथेच आहे. कुंचला चालवणारा कारागीर ते लुगडे, ते कुंकू, तो वर्ण यांच्या जगात राहत होता. त्याने दिलेला रंग चुकला तरी ती एका उपस्थित माणसाची चूक होती. यंत्र सरासरी काढते. सरासरीला चूक करता येत नाही आणि साक्षही देता येत नाही.

मराठी भाषेला हे पूर्वीपासून उमगले असावे. आपण फोटो 'काढतो', चित्रही 'काढतो' आणि रांगोळीही 'काढतो'. 'छायाचित्र' या शब्दात प्रकाशाची करणी आणि हाताची करणी शेजारी शेजारी नांदतात. या जोडशब्दातील उत्तरपद गाळून केवळ 'छाये'चे शास्त्र रचणारी मीमांसा आयात करताना, आपल्या भाषेने तो समास का सोडला नाही याचा विचार आपण करावयास हवा होता. तो अद्यापही करता येईल. मात्र त्यासाठी नाट्येतिहासाच्या पुस्तकांतील ती छायाचित्रे मजकुराची शोभा म्हणून न छापता संहिता म्हणून वाचावी लागतील, आणि त्या वाचनाचा आरंभ रंगाच्या थरापासून करावा लागेल.