लाईक आई-बापाला, पण फोटो कुणाचा?

घमेल्यात आंघोळ करणारं उघडं पोर, तोंडात बिडी धरलेला तीन वर्षांचा मुलगा, लहानग्याच्या हातात कोयता देऊन काढलेली रील. घरच्यांना गंमत वाटते, लाईकही पडतात. हे टाकणारे बहुतेक वेळा आई-बापच असतात, आणि खरी अडचण तिथंच आहे.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर कंपनीला पालकांची संमती लागते. म्हणजे राखणदार पालकच. त्यांनीच फोटो टाकला, तर मुलाच्या वतीनं नाही म्हणणार कोण? फ्रान्सनं फेब्रुवारी २०२४ मध्ये यावर कायदा केला. मुलाचं वय आणि समज पाहून त्यालाही विचारात घ्यायचं. गरज पडली तर न्यायाधीश पालकाला रोखू शकतात.

आपल्याकडंही सगळंच मोकळं रान नाही. मुलाला दारू किंवा तंबाखू देणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार गुन्हा आहे. त्याला ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बिडी खरीच दिली असेल, तर रील म्हणजे आपल्याच हातानं दिलेला पुरावा.

स्टेटस २४ तासांत जातं, पण कुणी स्क्रीनशॉट काढला की फोटो आपल्या हातात राहत नाही. पोर दहावीला गेल्यावर तोच फोटो वर्गाच्या ग्रुपवर फिरला तर तोंड त्याला लपवावं लागेल, आई-बापाला नाही. असा फोटो टाकलेला असेल तर आजच काढा. कुठलं मूल त्रासात दिसलं तर १०९८ वर फोन करा.