पंच कोणाचा?

आपल्या नायगाव तालुक्यात क्रिकेट खेळले जात नाही असे गाव शोधून सापडणार नाही. ज्वारी निघाली, रान मोकळे झाले की टेनिस चेंडूचे सामने सुरू होतात. खेळाडू मिळतात, वर्गणी जमते, माईक हातात घेऊन समालोचन करणारा तर न बोलावता येतो. मिळत नाही तो पंच. मग फलंदाजी करणाऱ्या संघातलाच, नुकताच बाद होऊन आलेला एखादा हिरमुसलेला गडी यष्टीमागे उभा केला जातो. त्याच्यावर कोणाचा भरवसा नसतो, म्हणून सामना सुरू होण्यापूर्वीच ठरते: पायचीत नाही! भांडणाच्या भीतीने नियमांच्या पुस्तकातले आख्खे प्रकरण फाडून टाकणारे खेळाडू जगाच्या पाठीवर दुसरीकडेही असतील. पण आपण त्यात मागे नाही, एवढे खरे.

यावर ‘पंच चुकतात, त्याला काय करायचे?’ असे उत्तर नेहमी मिळते. मला ते पटत नाही. पंच चुकतात हे आपले दुखणे नव्हेच. नियमाचा अर्थ लावण्याचा अधिकार आपण दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायलाच तयार नसतो, हे दुखणे आहे.

पुष्कळांची अशी समजूत असते की नियम लिहिलेला आहे म्हणजे काम संपले. पंचाने फक्त तो वाचून दाखवायचा. क्रिकेटचे नियम प्रथम 1744 साली लिहिले गेले, पुढे मेरिलबोन क्रिकेट क्लबने ते आपल्याकडे घेतले, आणि आज ते 42 आहेत. पावणेतीनशेहून अधिक वर्षे दुरुस्त्या चालूच आहेत. तरीही पायचीतचाच नियम पहा. चेंडू उजव्या यष्टीच्या बाहेर पॅडवर लागला तर फलंदाज नाबाद. मात्र त्याने चेंडू खेळण्याचा प्रामाणिक प्रयत्न केलेला असला पाहिजे. आता ‘प्रामाणिक’ हे कोणत्या फूटपट्टीने मोजायचे? बॅट पॅडमागे लपवून पाय पुढे टाकणारा फलंदाज प्रामाणिक की लबाड, हे त्या एका क्षणात पंचालाच ठरवावे लागते. राज्यशास्त्राच्या तासाला आपण घटनेचा अर्थ लावणाऱ्या न्यायालयाविषयी पानेच्या पाने लिहितो. मैदानावर तेच काम करणाऱ्याला मात्र शिव्या!

यंत्रे आली तरी हा प्रश्न सुटलेला नाही. चेंडू अर्ध्याहून कमी यष्टीला लागेल असे पडद्यावर दिसले, तर मैदानावरच्या पंचाने जो निर्णय दिला असेल तोच कायम राहतो. म्हणजे यंत्रसुद्धा शेवटी माणसाकडेच बोट दाखवते.

सर्वांत अवघड जागा आहे ती गोलंदाजाच्या टोकाकडील फलंदाजाला धावबाद करण्याची. चेंडू टाकण्यापूर्वीच तो क्रीज सोडून पुढे सरकला तर गोलंदाजाने बेल उडवावी की नाही? विनू मंकड यांनी 1947 च्या डिसेंबरात सिडनीच्या कसोटीत बिल ब्राऊनला असे बाद केले. त्याच दौऱ्यातल्या आधीच्या एका सामन्यात त्यांनी ब्राऊनला ताकीद देऊन, मगच बाद केले होते. एवढे होऊनही ऑस्ट्रेलियातल्या वर्तमानपत्रांनी काहूर माजवले. खुद्द प्रतिस्पर्धी कर्णधार ब्रॅडमन यांनी मात्र आपल्या आत्मचरित्रात मंकड यांची बाजू घेतली. पण नाव चिकटले ते चिकटलेच! चोरून धाव घेणाऱ्याचे नाव कोणी त्या प्रकाराला दिले नाही, चोरी पकडणाऱ्याचे दिले. लॉर्ड्सवर 2022 साली दीप्ती शर्माने चार्ली डीनला असेच बाद केले, तेव्हा पुन्हा तीच ओरड झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून, हा प्रकार ‘अनुचित खेळ’ या नियमातून काढून साध्या ‘धावबाद’च्या नियमात आला. (बदल आधीच जाहीर झालेला होता; ओरडणाऱ्यांनी वाचला नसावा.)

तरी मेख शिल्लकच आहे. गोलंदाजाने ज्या क्षणी चेंडू सोडणे अपेक्षित असते, त्या क्षणापर्यंतच त्याला बेल उडवता येते. जो चेंडू टाकलाच गेला नाही, तो केव्हा सुटला असता हे सांगायचे! 2023 च्या जानेवारीत मेलबर्नला ॲडम झाम्पाने बेल उडवली, पण त्याचा हात वर जाऊन पुढे आलेला होता, म्हणून पंचांनी फलंदाज नाबाद ठरवला. मग नियमाची भाषा पुन्हा एकदा उजळून घ्यावी लागली.

हे सारे मी इतक्या तपशिलाने सांगतो आहे, त्याला कारण आहे. स्नेहसंमेलनाच्या सामन्यांत मी पंच म्हणून उभा होतो आणि माझ्यासमोर नेमके हेच घडले. गोलंदाजाचा हात वर गेलेला नव्हता, फलंदाज दोन पावले पुढे होता, अपील झाले. मी गोलंदाजाला विचारले, ‘‘अपील कायम आहे ना?’’ तो ‘‘हो’’ म्हणाला. मी बोट वर केले. त्यानंतर जो गलका झाला, त्यात कोणी नियम विचारला नाही. आधी ‘‘खिलाडूवृत्ती कुठं गेली?’’ असा आवाज आला. आणि लगेच दुसरा, ‘‘ह्याला कोण उभं केलं? हा तर त्यांच्याच गावाकडचा हाय!’’ एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी समेट म्हणून चेंडू पुन्हा टाकायला लावला. सगळे खूश झाले. नियम तेवढा बाहेर राहिला.

खिलाडूवृत्तीविषयी मला अतीव आदर आहे. पण ती कोणी दाखवायची? पंचाने नव्हे. वानखेडेवर 1980 साली सुवर्णमहोत्सवी कसोटीत बॉब टेलरला पंच हनुमंतराव यांनी झेलबाद दिले. स्लिपमध्ये उभ्या असलेल्या कर्णधार विश्वनाथला वाटले, चेंडू बॅटला लागलेला नाही. त्याने टेलरला परत बोलावले. टेलर आणि बोथम यांनी 171 धावांची भागी केली आणि भारत दहा गडी राखून हरला. दया विश्वनाथची होती, तिची किंमतही त्याच्याच संघाने मोजली. नियमातही नेमकी हीच सोय आहे: फलंदाज मैदानाबाहेर जाण्यापूर्वी क्षेत्ररक्षण करणारा कर्णधार पंचाच्या संमतीने अपील मागे घेऊ शकतो. आमच्या सामन्यातही कर्णधाराला ती वाट मोकळी होती. त्याने ती धरली नाही, तो त्याचा हक्क. दुसऱ्याच्या खिशातून दानधर्म करण्याचा अधिकार ना पंचाला, ना सीमारेषेवरच्या वडीलधाऱ्यांना.

त्या गावाच्या टोमण्याचे मात्र तसे नाही. तो मनात राहतो. कारण तो प्रश्न केवळ गावापुरता नसतो. पंच कोणत्या गल्लीचा, कोणत्या घरचा, कोणत्या समाजाचा, हे पाहून आपण त्याचे बोट आधीच वाचून ठेवतो. मोठ्या मैदानांवरही हाच संशय होता. पाकिस्तानातले पंच यजमानांकडे झुकतात असा बोभाटा झाल्यावर 1986 साली लाहोरला वेस्ट इंडीजविरुद्धच्या कसोटीत दोन भारतीय पंच बोलावले गेले: मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि हैदराबादचे व्ही. के. रामस्वामी. भारत-पाकिस्तानचे संबंध काय आहेत, हे सांगायला नको. त्या कसोटीत पाकिस्तान एका डावाने हरला. पण त्रयस्थ पंचांची कल्पना तगली. 2002 पासून कसोटीचे दोन्ही पंच त्रयस्थ असू लागले, आणि 2020 साली कोरोनामुळे प्रवास थांबला तेव्हा पुन्हा यजमान देशाचेच पंच उभे राहिले. कसोटी त्यामुळे बंद पडली नाही.

आपल्याला लाहोरइतकी चैन परवडणारी नाही. नायगावच्या सामन्याला पंच देगलूरहून आणला, तरी त्याचा मामा आपल्या गावात निघेल! म्हणून माणूस परका शोधण्यापेक्षा नियम आधी वाचलेला बरा. नाणेफेकीपूर्वी पंचांनी दोन्ही कर्णधारांना भेटून खास अटी ठरवाव्यात, असे नियमच सांगतो. जिमखाना विभागाने येत्या संमेलनाआधी दोन्ही टोकांचे पंच आठ दिवस अगोदर नेमावेत, पायचीत आणि धावबादची कलमे मराठीत फलकावर लावावीत आणि नाणेफेकीच्या वेळी दोन्ही कर्णधारांच्या सह्या त्याखाली घ्याव्यात. एकदा बोट वर गेले की अपील मागे घेण्यासाठी फक्त कर्णधाराने पंचाजवळ यावे. बाकी कोणीही, मग तो कितीही वडीलधारा असो, दोरीच्या आत पाऊल टाकू नये. यंदा पंचांच्या यादीत मी माझे नाव दिले आहे. त्या यादीत अजून चार जागा रिकाम्या आहेत.