कंदिलाचे कुळ

दिवाळी तोंडावर आली की पणजी, म्हापसा, मडगावच्या बाजारपेठा आकाशकंदिलांनी उजळून निघतात. बांबूच्या कामट्या, पतंगी कागद आणि खळ घेऊन मुलांनी घरीच कंदील करावा, ही रीत विरळ होत चालली, याची हळहळ अनेकजण व्यक्त करतात. आम्हांस त्याहून वेगळी एक गोष्ट खटकते. दुकानांच्या फलकांवर आता ‘लँटर्न’ झळकतात आणि मुलांच्या तोंडीही तोच शब्द बसू लागला आहे. सण तोच, वस्तू तीच. नाव तेवढे गेले. यात बिघडले काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, कारण ‘कंदील’ तरी मुळात आपला कुठे?

मूळ शब्द लॅटिन ‘कांदेला’. तो ग्रीकमधून अरबीत जाऊन ‘किंदील’ झाला आणि फारसीच्या वाटेने मराठीच्या उंबरठ्यावर आला. इंग्रजांचा ‘कँडल’ आणि पोर्तुगीजांचा ‘कांदेया’ ही त्याचीच भावंडे. प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे शास्त्रीय एकक ‘कँडेला’, तेही याच कुळातले.

परंतु मराठीने या पाहुण्यास ओसरीवर ताटकळत ठेवले नाही. समई देवापाशी, पणती तुळशीपाशी, चिमणी चुलीपाशी. वाऱ्यापावसात बाहेर पडायचे तर काचेआड ज्योत सांभाळणारा कंदील हवा. 1961 साली गोवा मुक्त झाला, त्यानंतर खेड्यापाड्यांत वीज पोचेपर्यंत जत्रेहून परतणाऱ्यांना वाट दाखविली ती यानेच. सांजवेळी राखेने काच पुसणे, वात कातरणे, रॉकेल भरणे हा घरातील मुलांचा नित्यनेम होता. रेल्वेच्या गार्डाच्या हाती तो तांबडा-हिरवा होऊन गाडीस आज्ञा देऊ लागला. पडद्यावर चित्रे दाखविणारे यंत्र आले, तेव्हा त्यास ‘जादूचा कंदील’ हे नाव सहज मिळाले. आणि मग मराठीने त्याच्याआधी संस्कृत ‘आकाश’ जोडून त्यास कार्तिकाच्या आभाळात चढविले. अरबस्तानातून आलेला शब्द हिंदूंच्या सर्वांत मोठ्या सणाचे चिन्ह ठरला, आणि कोणाच्याही धर्मास बाध आला नाही!

शुद्धीचा आग्रह आपल्याकडे जुना आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला. राज्यकारभाराची भाषा परकी नसावी, हा त्यामागील विचार योग्यच होता. पण घरगुती वस्तूंना कोश नावे देत नाही, वापर देतो. 1892च्या सुमारास कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी आपल्या जादूच्या कंदिलास ‘शांबरिक खरोलिका’ असे भारदस्त नाव दिले. ते आज चित्रपटाच्या इतिहासकारांखेरीज कोणास आठवते?

मग ‘कंदील’ आला तसा ‘लँटर्न’ आला तर तक्रार का? आमचे उत्तर स्पष्ट आहे. कंदील मराठीत आला तो भर घालण्यासाठी. त्याने समई हटविली नाही की पणती. पोर्तुगीजांकडून आलेले बटाटा, पाव, चावी, घमेले हेही असेच गरजेपोटी आले आणि घरचे झाले. ‘लँटर्न’ची तशी गरज कोणास पडली होती? तो रिकाम्या जागी बसत नाही. नांदत्या शब्दास उठवून बसतो. आणि शब्द एकटा जात नाही. दिवा ‘विझवू’ नये, ‘मालवावा’, ही मर्यादा दिव्याच्या शब्दांबरोबरच आपण शिकलो. घरात बटण दाबून ‘लाइट’ केवळ बंद होऊ लागला, तेव्हापासून ‘मालवणे’ हे क्रियापद नव्या पिढीस परके झाले आहे. ‘कंदील’ गेला तर ‘आकाशकंदील’ही त्याच वाटेने जाईल.

परक्या शब्दांचे भय भाषेला नसते. भय असते ते आपल्या शब्दांच्या कंटाळ्याचे. दुकानदारांनी फलकावर ‘आकाशकंदील’ लिहावे, शिक्षकांनी मुलांकडून तो एकदा तरी हाताने करवून घ्यावा आणि घरच्यांनी त्यास त्याच्या नावाने हाक मारावी, एवढीच आमची मागणी आहे. यास ना कायदा लागतो, ना अनुदान.